आकड्यावरची चांदणी

प्रिय चांदणी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पोस्टमनने नेहमीसारखं दाराच्या फटीतून न सरकवता बेल वाजवून हातात दिलं. पाकीट जाड होतं, त्याला वाटलं आत फोटो असतील, मुडपायला नकोत. फोटो होतेच. तुझ्या लेकीचा पुढचा दात पडल्याचा फोटो मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला आहे. ती हसताना तुझ्यासारखेच डोळे मिटते, हे तुला कोणी सांगितलं असेल नसेल, म्हणून सांगितलं. पत्र मी तीनदा वाचलं. एकदा सगळं, एकदा फक्त लेकीचं, आणि एकदा ती चार वाक्यं, जी तू लेकीचा दात आणि भिंतींचा रंग यांच्या मधे दडपून लिहिली आहेस. आमच्या यार्डात ओली गोणी अशीच दोन कोरड्या गोण्यांच्या मधे दडपायचे. नवे साहेब आले आहेत. त्यांनी ऑफिसातली जुनी आकडेवारीची पुस्तकं काढून आमच्या बंदराच्या ओळीतल्या आकड्यांवर सहा चांदण्या कशाच्या आधारावर लावल्या असं तुला लेखी विचारलं आहे. महिनाअखेर खुलासा द्यायचा आहे. तो पटला नाही तर ती सहा वर्षं पुन्हा अंदाजे म्हणून छापणार, आणि पुस्तकाचं काम तुझ्याकडून काढून घेणार. शेवटी तू लिहिलंस, काकू, तुम्ही काळजी करू नका, मी बघते. माझ्याकडे तू काही म्हणजे काही मागितलं नाहीस. त्यामुळेच उत्तराला चार दिवस लागले. तू काही मागितलं असतंस तर लगेच हो-नाही लिहून मोकळी झाले असते.

आता रागावू नकोस, पण मी आधी जुनंच सांगणार आहे. तू आमच्यात आलीस ती गोष्टीच्या शेवटी. सुरुवात तू पाहिलेली नाहीस, आणि तुझे आभार मानायचे तर ते सुरुवातीपासूनच मानावे लागतील.

मी शाळेत गेले दोन वर्षं. अक्षरं ओळखायची, शब्द नाही. लग्नानंतर यार्डात गोण्या शिवायला लागले. प्रत्येक गोणीवर छापलेलं असायचं, ‘कोरडे ठेवा’. दिवसाला दोनशे गोण्या, म्हणजे दोनशे वेळा तेच डोळ्यांखालून जायचं. एका दुपारी दोरा ओढता ओढता ते दोन शब्द आपोआप वाचले गेले. मी इतकी दचकले की दाभण बोटात घुसला. शेजारची म्हणाली, काय गं, विंचू होता का गोणीत? मी म्हटलं, नाही, शब्द होता. त्यानंतर ‘ठेवा’ जिथे तिथे दिसायला लागलं. रांगेत ठेवा, बंद ठेवा, अंतर ठेवा. सगळं जग मला सारखं काहीतरी ठेवायला सांगत होतं. मग त्याच्या आसपासचे शब्द सुटत गेले. गोणीनंतर पाट्या, पाट्यांनंतर भिंतीवरच्या नोटिसा, मग पुड्यांचे कागद. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे मी चुकत असले तरी हसायलाही कोणी नव्हतं. हा मोठाच फायदा.

तुमच्या पुस्तकात ज्याला घन जैवइंधन म्हणतात त्याला आम्ही नुसतं गोळी म्हणायचो. करवतीच्या गिरण्यांमधला भुसा यायचा, यंत्रात दाबला की करंगळीएवढ्या जाडीच्या कांड्या व्हायच्या, आणि त्या जहाजात भरून समुद्रापलीकडच्या वीजघरांना जायच्या. तिथे दगडी कोळशाच्या जागी जाळायला. मी नवीन होते तेव्हा आमच्याकडून लाकडी कोळसाच जास्त जायचा, बायका घरी जाताना ओळखू यायच्या नाहीत इतक्या काळ्या. गोळी आली तशा आम्ही सगळ्या पिवळ्या दिसायला लागलो. हे वजनकाट्यावर होते. यार्डातून धक्क्याकडे जाणारा प्रत्येक ट्रक आधी भरलेला आणि परत येताना रिकामा, असा दोनदा ह्यांच्या काट्यावर चढायचा. शिवाय प्रत्येक ट्रकमधली मूठभर गोळी डब्यात घालून भट्टीत सुकवायची, पुन्हा तोलायची, आणि जेवढी ओल निघेल तेवढी वजनातून वजा करायची. पुढेपुढे गोळी दाताखाली फोडून ओल किती ते सांगायचे, आणि भट्टी मागाहून तेवढंच सांगायची. पावत्या मालकाच्या असत. वही मात्र ह्यांची स्वतःची, कोणी लिहायला सांगितलेली नव्हती. वर्ष सुरू व्हायच्या आधीच बाराही महिन्यांची पानं लाल शाईने आखून तयार ठेवायचे. मी म्हणायचे, अहो, अजून महिने यायचे आहेत. हे म्हणायचे, आले की उभे कुठे करायचे त्यांना?

तुमचं पुस्तक दरवर्षी यार्डाच्या ऑफिसात यायचं. कुठल्या देशातून, कुठल्या बंदरातून किती गोळी, किती कोळसा, किती दाबलेल्या भुशाच्या विटा बाहेर गेल्या, आधीच्या वर्षांपेक्षा वाढलं की घटलं. ऑफिसातला कारकून ते पाकिटासकट खिडकीत लावायचा, वाऱ्याने तावदान आपटू नये म्हणून. एकदा नवं आलं तेव्हा जुनं मी मागून घेतलं. तो म्हणाला, न्या, पण त्यात गोष्ट नाही हं वहिनी, नुसते आकडे आहेत. मला आकडेच बरे होते. आकड्याला जोडाक्षर नसतं. घरी येऊन बोट फिरवत फिरवत शेवटी आमच्या बंदराची ओळ सापडली, एकतिसावी. ह्यांनी वही काढून ताळा घेतला, आणि आकडा काही जुळेना. पुस्तकातला बराच कमी होता. हे म्हणाले, मोठी माणसं आहेत, काही वेगळी रीत असेल मोजायची. माझं लक्ष तिकडे नव्हतंच. आमच्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. वरच्या ओळीला नाही, खालच्या ओळीला नाही, आमच्याच. मला दोन वर्षांच्या शाळेतली एकच गोष्ट नीट आठवत होती, की ज्याची पाटी स्वच्छ आणि बिनचूक त्याला बाई खडूने चांदणी काढून द्यायच्या. मी ह्यांना म्हटलं, अहो, तुम्हाला चांदणी मिळाली.

पुढचं तू अर्धवट ऐकलं आहेस, पण माझ्या तोंडून ऐक. दुसऱ्या दिवशी सगळ्या यार्डाला कळलं. फिटर लाल रंगाचा डबा घेऊन आला आणि काट्याच्या खोलीच्या दारावर परातीएवढी चांदणी रंगवून गेला. एक टोक वाकडं झालं, तर म्हणाला, पळती चांदणी आहे, वेग दाखवलाय. तेव्हापासून ह्यांना चांदणीवाले म्हणायला लागले. ट्रकवाले काट्यावर चढण्याआधी विचारायचे, चपला काढू का? हे हसायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागले, भुशाच्या यार्डात! काट्याखालच्या खड्ड्यातलं पाणी आधी आठवड्याने उपसायचे ते रोज उपसायला लागले. चाकांना चिखल असेल तर ट्रक मागे घ्यायला लावायचे. ड्रायव्हर कुरकुरला तर म्हणायचे, चांदणीला डाग नको. चौथ्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि महिनाभर दवाखान्यात होते, तर रोज मी डबा घेऊन गेले की माझ्या तब्येतीआधी काट्याची चौकशी. बदलीचा माणूस पाणी उपसतो का? रिकामा ट्रक तोलतो का? मी म्हणायचे, सगळं करतो. काय करत होता देव जाणे. दरवर्षी नवं पुस्तक आलं की मी आधी चांदणी बघायची, मग आकडा. सहा वर्षं चांदणी चुकली नाही. ओळही वर सरकत होती, एकतिसावरून चोविसावर, मग एकोणिसावर. परदेशात वीजघरं बदलत होती, गोळीची मागणी चढत होती, आणि मला वाटायचं हे सगळं ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टामुळे होतं आहे.

मग मला चष्मा लागला. तुला हसू येईल, पण सगळा घोळ त्या चष्म्याने केला. तोवर पुस्तकातले आकडे आणि चांदणी तेवढी मला दिसत होती. चष्मा लावून पहिल्यांदा ते पान उघडलं तर तक्त्याच्या खाली मुंग्यांची रांग होती. ती अक्षरं निघाली. चांदणी काढलेली आणि पुढे, ‘अंदाजे आकडा. प्रत्यक्ष माहिती प्राप्त झालेली नाही.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, हां, दर महिन्याचा एक फॉर्म भरून पाठवायचा असतो, पण एवढ्याशा बंदराचं कोण वाचतंय, म्हणून आपण पाठवत नाही. मग ते लोक समोरच्या देशात किती माल उतरला त्यावरून अडाख्याने काहीतरी टाकतात. त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मला त्याच्यावर चिडताही येईना. बाहेर आले तर समोर परातीएवढी चांदणी. तेव्हा हे दुसऱ्यांदा दवाखान्यात होते. वीस वर्षांचा भुसा छातीत बसलेला, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरी परत जाण्याचं बोलू नका. मी ह्यांना चांदणीचं सांगितलं नाही. पलंगाशेजारच्या बाकावर बसून तुमच्या ऑफिसला पत्र लिहिलं. जन्मातलं पहिलं पत्र. ह्यांच्या वह्यांतून सहा वर्षांचे बहात्तर महिने उतरवून काढले, ओलं वजन, कोरडं वजन, आणि शेवटी लिहिलं की आमचा माणूस अंदाजे वजन करत नाही, चांदणी काढून टाका. हे विचारायचे, काय लिहितेस? मी म्हणायचे, अक्षर घोटते आहे.

त्या पत्राला उत्तर येईल असं मला वाटलंच नव्हतं. आलं, आणि ते तू लिहिलेलं होतं. तेव्हा तू हंगामी होतीस, सहीच्या खाली तसं लिहिलंही होतंस, जणू आधीच सांगून टाकावं. तू लिहिलंस की समोरच्या देशात आमची निम्मी गोळी ‘लाकडाचा कचरा’ या सदरात उतरवून घेतात, म्हणून तुमचा अंदाज दरवर्षी कमी येत होता. ओल वजा केल्यावर आमचे वर्षावर्षाचे आकडे त्यांच्या दोन्ही सदरांच्या बेरजेशी जवळजवळ जुळतात. म्हणून आमचे आकडे स्वीकारले आहेत आणि यंदापासून चांदणी नसेल. मी पत्र कपाळाला लावलं. आणि मग लक्षात आलं. हे तर रोज विचारत होते, पुस्तक आलं का? ह्यांना वाचता जेमतेम यायचं, पण चांदणी बघायला वाचावं लागत नाही. सहा वर्षं मिळाली आणि शेवटच्या पुस्तकात नाही, असंच ह्यांना दिसलं असतं. खरा मान मिळाला तो नेमका मान काढून घेतल्यासारखा दिसणार होता. मी तुला दुसरं पत्र लिहिलं. त्यात सगळं होतं, शाळेच्या बाई, फिटर, शर्ट, डॉक्टर. शेवटी काय मागावं ते मला सुचलं नव्हतं. खोटी चांदणी लावा असं तर मागता येत नव्हतं. म्हणून नुसतं लिहिलं, काय करावं कळत नाही.

तीन आठवड्यांनी तू स्वतःच आलीस. सहा तासांचा प्रवास करून, छत्री बसमध्ये विसरून, पुस्तक मात्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. दवाखान्याच्या दारात मला म्हणालीस, काकू, खोटं काही केलेलं नाही हं, साहेबांना विचारून केलंय. तू तक्त्याची खूणच बदलली होतीस. अंदाजे आकड्यापुढे आता ‘अं.’ असं छापलं होतं, सगळ्या बंदरांना. आणि मोकळी झालेली चांदणी तू नव्या कामाला लावली होतीस. खाली छापलं होतं, ‘मूळ वजन-नोंदींवरून सुधारित’. सगळ्या पुस्तकात तशी एकच ओळ होती. आमची, सहा चांदण्या ओळीने. मी काही न कळता इतकी वर्षं जो अर्थ लावला होता, तो तू खरा करून आणलास. तेव्हापासून मी तुला चांदणीच म्हणते.

ह्यांनी पुस्तक छातीवर उभं धरून बराच वेळ पाहिलं. मग तुला विचारलं, बाई, ह्याचा अर्थ काय ते तुमच्या तोंडून सांगा. तू सांगितलंस. हे म्हणाले, सुधारित कशाला? होतंच तसं. तू हसलीस. मग ह्यांनी विचारलं, मागच्या पुस्तकांतल्या चांदणीचा पण हाच अर्थ का? मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. ह्यांच्याकडे बघून म्हणालीस, नाही काका, तेव्हा तुमच्या वह्या आमच्यापर्यंत आल्या नव्हत्या, तेव्हा त्याचा अर्थ अंदाजे असा होता. मला वाटलं, संपलं. हे माझ्याकडे वळून म्हणाले, म्हणजे सहा वर्षं ही अंदाजावर नाचत होती! आणि हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, नर्स धावली, मला बाहेर काढायला निघाली, तर तिलाही सांगायला लागले. म्हणाले, त्या फिटरला कळू देऊ नका, रंगाचा खर्च मागेल. दोन महिन्यांत मी ह्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि नंतरही तसं पाहिलं नाही. ते हसू तुझं आहे. तू तेव्हा सोयीचं खोटं बोलली असतीस तर मी तुझे पाय धरले असते, आणि ते हसू मला कधी मिळालं नसतं. मग ह्यांनी मला वह्या काढायला लावल्या. तू मधूनच तीन पानं उघडून ताडून पाहिलीस, तिन्ही जुळली. आणखी पानं उलटायला तुला आजारी माणसासमोर बरं वाटेना. हे पुन्हा म्हणाले, बघून घ्या, बघून घ्या, बहात्तर महिन्यांत एक महिना अंदाजाने लिहिलेला नाही. काय गं? मी म्हटलं, अं... हे म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही, पाण्याची बाटली भरून आणते.

अकरा दिवसांनी हे गेले. तुला कळवलं तेव्हा तू लांबलचक पत्र लिहिलं नाहीस, एवढंच लिहिलंस की आज ऑफिसात मी काही काम केलं नाही. ते वाक्य मी अजून अधूनमधून काढून वाचते. नंतरची नऊ वर्षं दरवर्षी पुस्तक तुझ्याकडून आलं, आमच्या पानाला कागदाची चिठ्ठी लावून. ह्यांच्या माघारी यार्ड कसं उतरत गेलं ते मी त्या पुस्तकांतूनच समजून घेतलं. डोळ्यांसमोर घडत होतं, तरी पुस्तकात वाचल्यावरच कळायचं. जहाजं मोठी झाली, आमच्या धक्क्याला लागेनाशी झाली. दूरदेशी मोठमोठे कारखाने उभे राहिले, एकेका जहाजात आमची वर्षाची गोळी मावेल एवढे. करवतीच्या गिरण्या कमी झाल्या, भुसा महाग झाला. जगाची बेरीज दरवर्षी वाढत होती आणि आमची ओळ दरवर्षी खाली सरकत होती, एकोणिसावरून सव्विसावर, मग चाळिशीत. बाकीच्या बायका म्हणायच्या, आपलं काय चुकलं? मी त्यांना तक्ता दाखवून सांगायचे, आपलं काही चुकलं नाही, वारं फिरलं आहे. एवढं सांगता आलं तरी माणसाला झोप लागते. चार वर्षांपूर्वी यार्ड बंद झालं. फिटरने जाताजाता ते दार बिजागऱ्यांतून काढून मला आणून दिलं, आता त्याच्यावर मी अंथरुणं रचते. त्या वर्षी तू लिहिलंस की आमच्या ओळीत शून्य छापावं, रेघ नको, म्हणून तू भांडलीस. रेघ म्हणजे कोणी पाहिलंच नाही, आणि शून्य म्हणजे कोणीतरी जाऊन पाहिलं, तिथे आता काही नाही. ह्यांच्या जागी माझ्या घरात काय आहे ते मला त्या दिवशी नीट कळलं. शून्य आहे. मी रोज पाहते. रेघ नाही, हे काही कमी नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या साहेबांना मूळ नोंदी बघायच्या असतील, आणि ते बरोबरच आहे, मीही बघितल्या असत्या. सोमवारी फिटर तुमच्या शहरात त्याच्या मुलीकडे येतो आहे, त्याच्या हाती ह्यांच्या त्या सहा वर्षांच्या वह्या पाठवते आहे. टपालात टाकायला जीव धजला नाही. त्यातली चौथ्या वर्षाची वही तू पाहिलेली नाहीस. तू दवाखान्यात आलीस तेव्हा ती मी मुद्दाम पिशवीच्या तळाशी ठेवली होती. तिच्यात गोणी शिवायचा दोरा घातलेलं एक पान आहे, ते आधी उघड. त्यावर ह्यांनी लाल शाईने आखलेल्या रेघा आहेत आणि बाकी काही नाही. तो न्यूमोनियाचा महिना. बदलीच्या माणसाने काहीच लिहून ठेवलं नाही, आणि हे घरी आल्यावर पानं उलटत होते तेव्हा ते कोरं पान सोडून पुढे गेले, अडाख्याने एक आकडासुद्धा भरला नाही. भरला मी. बाकावर बसून उतरवताना ते कोरं पान आलं, आणि मला वाटलं एका महिन्यापायी तुम्ही सगळंच नाकाराल. म्हणून मागचा महिना आणि पुढचा महिना मिळवून अर्धा केला. आलेला आकडा फार गुळगुळीत दिसला, म्हणून त्यातून तीन टन काढून टाकले. असलं काही शिकवावं लागत नाही. तुम्ही लोक करता तेच मी केलं होतं, फक्त तुम्ही तसं खाली लिहिता, मी लिहिलं नाही. एकाहत्तर महिने ह्यांचे आहेत, एक माझा आहे. खुलाशात हे असंच लिही, माझ्या नावानिशी, आणि हे पत्र सोबत जोड. फसवलं मी, तू विश्वास ठेवलास. साहेब शहाणे असतील तर त्यांना दोन्हींतला फरक कळेल. चौथ्या वर्षावरची चांदणी काढ आणि तिथे तुमचं ते ‘अं.’ छाप. पाच चांदण्या आणि एक अं. त्या दिवशी ह्यांच्या पलंगाशी माझ्या तोंडून निघाला तोच तो अं, पुढचं वाक्य सांगायचं नऊ वर्षं राहून गेलं होतं. एवढ्या मोठ्या पुस्तकात मी लिहिलेलं एवढं एकच अक्षर असेल, पण जागच्या जागी असेल. गोणीवरच्या त्या शब्दापासून मी आयुष्यभर सगळं ठेवतच आले. आता हे देते आहे, आणि न घाबरता देते आहे, हेही तुझ्यामुळेच. खरं सांगितल्यावर माणूस हसूही शकतो हे मी तुझ्यामुळे डोळ्यांनी पाहिलं आहे.

लेकीचा नवा दात आला की फोटो पाठव.

तुझीच,
गोणीवाली काकू

ता. क. वह्या कोरड्या ठेव.